मोत्याची शिंक

आमच्या घरी मोत्या नावाचा एक कुत्रा होता. रंगाने तांबूस, एक कान मोडलेला; दिसण्यात विशेष असे काही नव्हते. परंतु त्याचे नाक मोठे तीक्ष्ण! मी शाळेतून परतताना वळणावर दिसण्यापूर्वीच त्याला माझा वास लागे आणि तो धावत सामोरा येई.

मी तेव्हा सातवीत होतो. कार्तिक महिना चालू होता. माळावरचे गवत पिवळे पडून त्याला कुसळे आली होती. "कुत्र्याला गवतात सोडू नकोस," असे आजीने बजावले होते. पण सशामागे धावणारा मोत्या पाहण्याची मला भारी हौस! एका सायंकाळी मीच त्याला "छू" म्हणून गवतात पिटाळले.

घरी येताच तो शिंकू लागला. एकामागून एक शिंका! तो मान झटके, पंजाने नाक घाशी आणि पुन्हा शिंके. "मोत्याला पडसे झाले," असे म्हणून मी हसलो. रात्री मात्र त्या आवाजाने माझी झोपमोड झाली. मी रागारागाने उठलो आणि त्याला गोठ्यात बांधून आलो. त्याने निमूटपणे बांधून घेतले.

सकाळी भाकरी पुढे ठेवली, तर त्याने तिला तोंडही लावले नाही. नाक चोंदले की कुत्र्याला वास येत नाही आणि अन्नही नकोसे होते, हे मला ठाऊक नव्हते. इतक्यात त्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब ओघळला. माझ्या छातीत धस्स झाले. माझी पडशाची गोळी त्याला द्यावी, म्हणून मी धावलो. पण आजीने माझा हात धरला. "बाळ, माणसाचे औषध मुक्या जिवाला असे देऊ नये. त्याने अपाय व्हायचा!"

बाबांनी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारले, "रक्त एकाच नाकपुडीतून येते ना? शिंका एकाएकी सुरू झाल्या का? हा काल गवतात गेला होता का?"

बाबा माझ्याकडे पाहू लागले. खरे सांगणे कठीण होते. परंतु मोत्याही माझ्याकडेच पाहत होता. मी सारे सांगून टाकले.

डॉक्टरांनी भूल देऊन चिमट्याने नाकातून एक कुसळ काढले. ते माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "याचे टोक पाहा. त्यावरचे बारीक केस मागे वळलेले आहेत. म्हणून हे पुढे सरकते, मागे येत नाही. ते बाहेर टाकण्यासाठीच हा बिचारा शिंकत होता. दोन्ही नाकपुड्यांतून दाट शेंबूड आला असता आणि ताप असता, तर मला डिस्टेंपरसारख्या रोगाची शंका आली असती. त्या रोगाची लस मात्र वेळेवर टोचून घ्या."

सायंकाळी मोत्याने भाकरी हुंगली आणि खाल्ली. मी त्याच्या गळ्यातील दोरी सोडली, तेव्हा त्याने माझा हात चाटला. ज्या हाताने मी त्याला बांधले होते, तोच तो हात! मला रडू आवरले नाही.

रात्रभर तो आपले दुःख सांगत होता आणि मी त्याच्यावर रागावलो होतो. त्यानंतर माळावरून परतल्यावर त्याचे नाक, कान आणि पंजे तपासल्यावाचून मी कधीही जेवायला बसलो नाही.