सत्तरीतला झिम्मा

श्रावण जवळ आला की सोसायट्यांच्या सभागृहांत आणि देवळांच्या ओसऱ्यांवर मंगळागौरीच्या खेळांच्या तालमी सुरू होतात. खेळ मूळचे नव्या नवरीचे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा आणि मग रात्रभर जागरण: झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटापागोटा, घोडा, कोंबडा, सूप नाचवणं. आज पदर खोचून उभ्या राहणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायका पुष्कळ दिसतात. २०२३ साली केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरल्या, आणि त्यांत रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. चित्रपट प्रचंड गाजला. पडद्यावर दिसलं ते अनेक गल्ल्यांमध्ये आधीपासून चालूच होतं.

खेळ बसवणारी जाणती बाई वयस्कांच्या संघाला पहिल्याच दिवशी फुगडी घालू देत नाही. आधी झिम्मा. बघणाऱ्याला तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात एक टाळी या शेजारणीच्या तळव्यावर, दुसरी त्या शेजारणीच्या, पाऊल तालात, तोंडानं गाणं आणि गोल तर मोडू द्यायचा नाही. सुरुवातीला हमखास असं होतं, की टाळी जुळली की गाणं बंद पडतं आणि गाण्याचे शब्द आठवले की पाऊल थबकतं. शिकवणारीनं तेव्हा गाणं बाजूला ठेवून नुसती पावलं घोटून घेऊ नयेत. त्या दोन्हींची सांगड घालणं हाच तर खेळ आहे.

हे थबकणं डॉक्टरांच्याही नजरेत भरलेलं आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधंसं निरीक्षण मांडलं: चालता चालता कुणी बोलायला लागलं की जी वृद्ध माणसं चालायची थांबतात, ती पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक असते. तरुणपणी पाय आपले आपण चालतात. वय वाढतं तसं चालण्याकडेही लक्ष द्यावं लागतं, आणि त्याच वेळी दुसरं काम आलं की लक्ष अपुरं पडतं. जिनिव्हात या दुखण्यावर संगीताचा उपाय करून पाहिला गेला. संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांच्या पद्धतीनं, पियानोची चाल बदलेल तसं पाऊल बदलत, पासष्टीपुढच्या १३४ जणांपैकी एका गटाला आठवड्यातून एकदा सहा महिने चालवलं. २०११ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार त्या गटातलं पडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. झिम्म्याची लय वाढवत नेणारी बाई याहून फारसं वेगळं काही करत नसते.

फुगडीचं तंत्र मात्र वेगळंच. हात तिरके, पावलं जुळलेली, आणि दोघींनी मागे रेलायचं. मुलीला हे सांगावं लागत नाही. सत्तरीतल्या बाईचे पाय जुन्या सवयीनं फिरायला तयार असतात, पण अंग मागे जायला धजत नाही. ती ताठ उभी राहते, मग दोघींचाही तोल जातो. म्हणून जोडी वजन आणि उंची पाहून लावावी. बोटांत जोर नसेल तर दंडफुगडी घ्यावी, पकड पक्की बसते. गरगर फिरण्याआधी नुसतं रेलून उभं राहायचा सराव पुष्कळ करावा. तोंडानं पकवा, म्हणजे फुगडीच्या तालावरचा आवाज, धरला की श्वासही कोंडत नाही. आणि थांबणंही शिकवावं लागतं: वेग हळूहळू उतरवायचा, हात लगेच सोडायचे नाहीत. कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव अंग थांबल्यावरही थोडा वेळ फिरतच असतो, डोळ्यांपुढची भिंत स्थिर झाली की मगच हात सुटायचे.

चक्कर येण्याचा विकार असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर गिरकीचे खेळ नकोतच. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना बसफुगडी नको. हे सांगताना कुणाला कोपऱ्यात बसवू नये. सूप नाचवायला, टिपऱ्या धरायला, खुर्चीत बसून टाळ्या द्यायला, उखाणे रचायला माणसं लागतातच.

बुद्धीची खरी कसोटी गोफात. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचं एकेक टोक हातात धरायचं, एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून जात वेणी घालायची. विणणं जमतं. मग तीच पावलं उलटी टाकत गोफ सोडवायचा, आणि एकीचं जरी चुकलं तरी गाठ बसते ती सगळ्यांच्या दोरीला. गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात तेव्हाही पाहणाऱ्यांचा श्वास अडकतो तो सोडवतानाच. विसरभोळी म्हणून घरात गणली गेलेली बाई इथे उलट्या क्रमाचं पाऊल बरोबर टाकते, कारण पुढचीच्या पाठीवरून आणि गाण्यावरून तिला ते सुचतं.

नाचण्यानं स्मृतिभ्रंश टळतो, असं छातीठोक सांगता येणार नाही. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांच्या अभ्यासात, २००३ साली, शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्याचा संबंध कमी धोक्याशी दिसला. पण ज्यांची बुद्धी मंदावू लागली होती त्यांनीच आधी नाचणं सोडलं असेल, हेही संभवतं. खेळामुळे स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाची गरजही संपत नाही. तरी एकट्यानं मोजून केलेल्या व्यायामात समोरच्या हाताचा ओढा जोखून आपला जोर तत्क्षणी बदलावा लागत नाही. फुगडीत लागतो, दर फेऱ्याला.

पुरुषांना हे खेळ परके नाहीत. वारीत पांढऱ्या मिशांचे वारकरी दिवसभर चालून आल्यावर फुगडी धरतात, टाळमृदंगावर पावली घालतात, आणि लाजत नाहीत. शहरातल्या आजोबांना मात्र बाकावरून उठवायला निमित्त लागतं. गोफाला जोड्या पुऱ्या लागतात. एखादी बाई तालमीला आली नाही, तर तिची दोरी बाहेर ताटकळणाऱ्या एखाद्या आजोबांच्या हातात द्यावी.