गिऱ्हाईक काय म्हणून मागतं?

कोल्हापूर

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

तुमचा फोन झाला आणि मागोमाग चिरंजिवांनी चटणीच्या पाकिटासाठी पुण्याच्या एजन्सीने केलेली डिझाइनं व्हॉट्सॲपवर पाठवली. "भावजी, खरंच सगळं बदलायला पाहिजे का?" असं तुम्ही विचारलंत. तो शेजारीच बसलेला होता, म्हणून फोनवर नीट बोलता आलं नाही. आता निवांत लिहितो. वाटलं तर त्यालाही वाचायला द्या.

आधी डिझाइनांबद्दल. सगळी देखणी आहेत. काळा रंग, मधे सोनेरी रेघांची मिरची, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. पण त्या पाकिटात उद्या कुणी चहा भरला किंवा साबण भरला तरी काही बिघडणार नाही. तुमचं बहुतेक गिऱ्हाईक गडहिंग्लज, आजरा, नेसरीचं, थोडं पलीकडे संकेश्वर-निपाणीचं. त्यातल्या किती जणी ती इंग्रजी अक्षरं वाचत बसणार? तरीही पोराचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. बदल हवा आहे. फक्त तो कुठे हवा, हे डिझाइनं बघून कळत नाही. त्याला दुकानात जाऊन उभं राहावं लागतं आणि गिऱ्हाईक काय म्हणून मागतं ते ऐकावं लागतं.

मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा बाजारात मी तेच केलं. दादाला वाटलं, मी पान खायला गेलोय. कुणी म्हणालं "पिवळ्या लेबलची चटणी द्या", कुणी "शाळेजवळच्या काकूंची". एका पोरीने तर पिशवीकडे नुसतं बोट दाखवलं. तुमच्या पाकिटावर ठळक अक्षरांत जे नाव छापलंय, ते एकाच्याही तोंडी आलं नाही. वहिनी, बदल हवा असल्याची डोळ्यांत भरणारी पहिली खूण हीच. आपण छापतो एक आणि लोक म्हणतात दुसरंच.

दोष लोकांचा नाही. देवाचं नाव आणि पुढे 'गृहउद्योग', अशी तुमच्यासारखी नावं प्रत्येक तालुक्याला पाच-दहा असतात. पापड त्यांचे, शेवया त्यांच्या, उदबत्त्याही त्यांच्याच. लिज्जतचंच बघा. संस्थेचं पूर्ण नाव 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव पुढे १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन निवडलं आणि बक्षीस होतं पाच रुपये. आज दुकानात जाऊन अख्खं नाव कोण घेतं? तो एक शब्दच लोकांनी उचलला. (पुण्याची एजन्सी नाव सुचवायचे किती घेणार, ते चिरंजिवांना विचारा. पाच रुपयांत खात्रीने होणार नाही.)

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं अडलं नाही ते आता का अडावं? कारण दुकान बदललं. आपल्या बाजारपेठेतला दुकानदार काउंटरच्या आत उभा राहून तुमच्या वतीने बोलत होता. "ही घ्या, आपल्या काकूंची आहे, चांगली आहे," एवढं तो म्हणाला की पाकिटाला तोंड उघडावं लागत नव्हतं. आता कोल्हापुरात आणि गडहिंग्लजमध्येही बाई टोपली घेऊन स्वतःच फळ्यांमधून फिरते. तिथे तुमच्या बाजूने बोलायला कुणी नाही. फोनवर मागवायचं म्हटलं तर पाकीट दिसतं नखाएवढं. त्या नखाएवढ्या चित्रात तुमचं पाकीट मी माझ्या फोनवर करून बघितलं. पिवळा ठिपका तेवढा कळला, अक्षर एकही नाही.

पण तो पिवळा ठिपका कळला! हे मुद्दाम लिहितोय, कारण नव्या डिझाइनांत पिवळा रंग औषधालाही नाही. अमेरिकेत ट्रॉपिकाना नावाचा संत्र्याचा रस विकतात. खोक्यावर संत्रं आणि त्यात खुपसलेली नळी, असं त्यांचं चित्र होतं. २००९ च्या जानेवारीत कंपनीने ते काढून साधा रसाचा ग्लास छापला, अक्षरंही बदलली. लोकांना फळीवर आपला रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणायची घोषणा करावी लागली. आतला रस तोच होता. एवढी मोठी कंपनी तो फटका पचवते. तुमचा एक हंगाम गेला तर पुढच्या मिरचीचे पैसे कुठून उभे करणार? म्हणून पिवळा रंग हलवायचा नाही. तो तुम्ही ठरवून घेतला नव्हता, तेव्हा प्रेसमध्ये स्वस्तात तोच कागद होता म्हणून आला. पण आता तो लोकांचा झालाय.

आता ज्याने मी खरा वैतागलो ते सांगतो. तुमची सगळी पाकिटं मी टेबलावर ओळीने मांडली. शंभर ग्रॅमचं लेबल पिवळं. पावशेराचं नारिंगीकडे झुकलेलं, कारण मधे प्रेस बदलली. अर्ध्या किलोचं हिरवं, कारण त्या वेळी पिवळा कागद मिळाला नाही म्हणे. घरावरचा फ्लेक्स निळा, तोही उन्हाने उडालेला. बिलबुकावर नावात एक वेलांटी वेगळी. व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल. मी घरचा माणूस, तरी मला ही एकाच घरातली पाकिटं वाटली नाहीत. मग परगावच्या बाईला कशी वाटावीत? नवा लोगो लांब राहू दे. नुसतं हे एकसारखं केलंत तरी निम्मं काम होईल, आणि त्याला एजन्सी लागत नाही.

पिशवीचंही बोलायला पाहिजे, कारण हा माझा धंदा आहे. तुमच्या चटणीत खोबरं, तीळ, तळलेला कांदा-लसूण. म्हणजे तेल सुटणारच. साध्या पारदर्शक पिशवीतून ते बाहेर येतं, लेबल आधी डागाळतं, मग सुटतं. दुकानाच्या दारात टांगलेल्या पाकिटावर ऊन पडलं की बेडगी मिरचीचा तो लालभडक रंग विटतो आणि खोबरं खवट व्हायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, माल जुना दिसतोय. खरं तर माल गेल्याच आठवड्यातला असतो. प्रकाश अडवणारी लॅमिनेटेड पिशवी आणि आतला रंग दिसायला एक लहान खिडकी, एवढं पुरे. खिडकी मात्र पाहिजे. चटणीचा रंग बघितल्याशिवाय आपल्याकडची बाई पाकीट उचलत नाही.

मात्र एक गोष्ट पोराच्या लक्षात आणून द्या. दिवाळीनंतर खप उतरला, त्याचं खापर तो पाकिटावर फोडतोय. मला नाही पटत. मिरची महागली तेव्हा तुम्ही संकेश्वरी कमी करून बेडगी वाढवलीत, असं दादाच बोलून गेला. रंग आला, पण झणका उतरला. बाजारात दोन बायका मला हेच म्हणाल्या. कायमचं गिऱ्हाईक कमी झालं तर आधी परातीत बघायचं. नवं गिऱ्हाईक एकदा नेऊन परत येत नसेल, किंवा हातात घेऊन परत ठेवत असेल, तर पाकिटात बघायचं. ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिल्यावर दुसऱ्याचं औषध दिलं तर पैसे जातात आणि चटणी तशीच राहते.

दुसरं दुखणं भीमथडीला दिसलं. पुण्याच्या जत्रेत लोकांनी चाखून भरपूर पाकिटं नेली. किती जणांनी परत मागवली? तुम्हीच सांगितलंत, फारशी कुणी नाही. आपल्याकडे चटणी म्हटलं की आमटीत, रश्श्यात, भाजीत पडणारी, हे सांगावं लागत नाही. पुण्यात कुणी ती शेंगदाण्याच्या चटणीसारखी भाकरीवर घेतली असेल आणि तोंड भाजून घेतलं असेल. पाकिटाच्या मागे दोन ओळी पाहिजेत, चार माणसांच्या रश्श्याला किती चमचे ते सांगणाऱ्या. वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका हे सगळं तुमच्याकडे आहे, कारण कायद्याने लागतं. बाईला लागतं ते मात्र राहिलंय.

नावाचा विषय टाळून चालणार नाही. माल चालायला लागला की नक्कल होते, आणि तुमची होतेच आहे. पिवळं लेबल आता आणखी एकाने उचललंय, तुम्हाला माहीत आहे. पार्लेचं बिस्कीट पूर्वी 'पार्ले ग्लुको' होतं. ग्लुकोज बिस्किटं सगळेच करायला लागले, लोक नुसतं ग्लुकोज मागायचे आणि दुकानदार हाताला येईल ते द्यायचा. तेव्हा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते 'पार्ले-जी' झालं. वेष्टनावरची मुलगी आणि पिवळे-पांढरे पट्टे मात्र त्यांनी ठेवले. मला तुमच्याकडून नेमकं एवढंच हवंय. 'कोल्हापुरी चटणी' हे नाव तुमच्या एकटीच्या नावावर होणं कठीण, ते गावाचं आणि मालाचं वर्णन झालं. देवाधर्माच्या नावाचंही तसंच. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याला देता येणार नाही असा निकाल दिला. म्हणून एक छोटं, तुमचंच असं नाव पाहिजे. माहेरचं, शेताचं, काहीही, पण दुसऱ्या कुणाचं नसलेलं. देवाचं नाव वर बारीक राहू दे, आईने ठेवलेलं आहे, ते काढा असं मी कधी म्हणणार नाही. मसाले ट्रेडमार्कच्या तिसाव्या वर्गात येतात. तुमच्या एकटीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. आणि नोंदणी व्हायच्या आत गोलातला 'आर' छापायचा नाही. एजन्सीच्या एका डिझाइनवर तो आत्ताच आहे! फुकट दंड ओढवून घ्याल.

आता खर्च. छापील पिशवी करायची तर प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर बनतो आणि पिशव्याही ढिगाने घ्याव्या लागतात. नंतर एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी तो सिलिंडर नव्याने करायचा. त्यामुळे वर्षभर तरी सिलिंडरच्या नादाला लागू नका. साध्या लॅमिनेटेड पिशव्या घ्या, त्यांवर तेलाने न सुटणारे स्टिकर मी इथे छापून देतो. पिवळे, तिन्ही वजनांचे एकसारखे. नवं नाव मोठं, मराठीत, आणि खाली लहान इंग्रजीत. निपाणीच्या दुकानांसाठी कन्नडमध्येही टाकू. सहा-आठ महिने ते बाजारात फिरू द्या. मग मी परत त्याच दुकानांत जाऊन उभा राहीन. लोक नव्या नावाने मागायला लागले असतील तर सिलिंडर करू, नाहीतर नाव बदलू. स्टिकर बदलायला काही लागत नाही.

चिरंजिवांना रागवू नका. एजन्सीचं सगळंच टाकाऊ नाही. त्यांनी मिरचीचं चित्र चांगलं काढलंय, देठाला बाक अगदी संकेश्वरीसारखा आहे. तेवढं विकत देतात का विचारा.

प्रत्येक वजनाचं एक पाकीट, लेबलाचा जुन्यात जुना सापडेल तो नमुना आणि बिलबुकाचं एक पान एस.टी. पार्सलने पाठवा. दादाला नमस्कार.

आपला,
धाकटा दीर

ता. क. : पाकिटावर अजून घरचा जुना लँडलाइन नंबर आहे, एस.टी.डी. कोडसकट. तो बंद होऊन किती वर्षं झाली? पुण्याचे लोक त्याच नंबरवर लावत बसले असतील. बाकी सगळं सावकाश होईल, पण आहेत त्या लेबलांवर उद्यापासून मोबाइल नंबरचा शिक्का मारायला घ्या. शिक्का इथे करून ठेवलाय, परवाच्या गाडीने येईल.