डोळ्यांखालची पन्हळ

धाकट्या मुलाच्या लग्नाचा अल्बम आमच्या दिवाणखान्यातील कपाटात असतो. जानेवारी २०२४ चे ते लग्न. पाहुणे आले की अल्बम बाहेर निघतो, आणि "वरमाई किती टवटवीत दिसते!" असे कोणीतरी म्हणतेच. त्या वेळी मी चहाच्या निमित्ताने आत निघून जाते. छायाचित्रांतल्या माझ्या डोळ्यांखालचा तो तजेला लग्नापूर्वी पाच आठवडे मुंबईच्या एका दवाखान्यात मी सुईने भरून घेतला होता, घरात कोणालाही न सांगता.

माझ्या आईच्या डोळ्यांखाली दोन खोल रेषा होत्या, नाकाच्या मुळापासून निघून गालाकडे उतरत गेलेल्या. पहाटेच्या गाडीने फुलांचे ओझे दादरला नेण्यात तिचे आयुष्य गेले. त्यामुळे त्या रेषा जागरणाच्या आहेत असे आम्ही मुले धरून चाललो होतो. मी मात्र बँकेतली नोकरी केली, पुरेशी झोप घेतली, तरी पन्नाशीला त्याच रेषा माझ्याही चेहऱ्यावर उतरल्या. इंग्रजीत त्यांना 'टिअर ट्रफ' म्हणतात, म्हणजे अश्रूंची पन्हळ. वसईच्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ उलगडून सांगायला नको.

तिथे जे भरतात त्याचे नाव हायलुरोनिक ॲसिड. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले, आणि काचेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. आपल्या कातडीत, सांध्यांत ते निसर्गतःच असते. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मोठा गुण. डोळ्यांखाली मात्र हाच गुण नडतो. तेथील कातडी अतिशय पातळ असते. द्रव्य वरच्या थरात राहिले तर प्रकाश विखुरून निळसर छटा उमटते, आणि पाणी साठत गेले की सूज येते. खास या जागेसाठी असे द्रव्य वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रथम संमती दिली ती २०२२ साली, हे मला फार उशिरा कळले. सुई टोचून घेण्यापूर्वी मी फक्त खर्च विचारला होता.

त्या पावसाळ्यात माझे डोळे सकाळी सुजू लागले. ह्यांनी ते माझ्याआधी पाहिले. घरच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची शंका घेतली: लघवीची तपासणी, क्रिॲटिनिन, थायरॉईड, सोनोग्राफी. मीठ कमी करायला सांगितले. लोणचे बंद झाले, सुकी मासळी बंद झाली, आणि मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनीही सुके बोंबील सोडले. प्रयोगशाळेच्या बाकावर अहवालाचे पाकीट मांडीवर घेऊन बसलेले ते मला अजून दिसतात. सारे अहवाल निर्दोष निघाले. "मग ही सूज कशाची?" डॉक्टरांनी विचारले. उत्तर माझ्याजवळ होते, आणि मी गप्प बसले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी चूक तीच. सुई टोचून घेतली ती नव्हे.

अखेर एका रात्री मी सांगून टाकले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बोंबील भाजायला हरकत नाही." त्यानंतर दोन दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे होते.

भरलेले द्रव्य विरघळवणारे एक विकर असते, हायलुरोनिडेझ. २०२५ साली दोन वेळा त्याची इंजेक्शने घेतली. निळसरपणा गेला, सूज पुष्कळ उतरली. पण कातडी सैल पडली आणि तिच्यामागची चरबीची गादी ठळक दिसू लागली. आता एका शल्यविशारदांनी खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवला आहे. पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी त्या पन्हळीवर पसरायची, आणि गरज पडल्यास पापण्यांच्या केसांलगत थोडी कातडी काढायची. पापणी खाली ओढली जाणे, डोळे कोरडे पडणे, क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीलाच धोका होणे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. शिवाय घाई करू नये, असेही. "तुमचे मूळचे काय आणि भरलेले काय, हे आधी नीट कळू दे. काहींच्या चेहऱ्यात हे द्रव्य वर्षानुवर्षे राहिलेले एमआरआयमध्ये दिसते."

या वेळी घरात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मतेही भरपूर आहेत. नणंद म्हणते, "वहिनी, एकदा पोळलीस ना? मग पुन्हा त्याच जागी सुरी कशाला?" सूनबाईला वाटते, जे बिघडले ते नीट करून घ्यावे. हा नुसता नटण्याचा सोस आहे असे एकीने मला ऐकवले. केसांना कलप लावणाऱ्या पुरुषांना हे कोणी ऐकवल्याचे मला आठवत नाही. तरीही स्वतःशी खोटे बोलायचे नाही असे मी ठरवले आहे. वरची पापणी डोळ्यांवर उतरून दिसेनासे होते, तेव्हा शस्त्रक्रियेला दृष्टीचे कारण असते. माझ्याजवळ तसे कारण नाही. मला आरशात ती सैल पिशवी पाहवत नाही, एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे की नाही याचा निर्णय माझ्याच्याने अजून झालेला नाही. ह्यांना विचारले तर म्हणतात, "मला तू आहेस तशी बरी दिसतेस. पण करायचेच ठरवलेस, तर मी बाहेर बाकावर बसतो. बसायची सवय झालीय."

पुढच्या भेटीला जुनी छायाचित्रे आणायला डॉक्टरांनी सांगितले आहे, सुई टोचण्यापूर्वीची. काल ट्रंक उघडली. माझ्या तिशीतले एक छायाचित्र सापडले: वाडीच्या विहिरीपाशी मी आणि आई. खिडकीजवळ नेऊन पाहिले. आईच्या डोळ्यांखालच्या रेषा स्पष्ट आहेत, आणि माझ्याही आहेत, फिकट, पण त्याच वळणाच्या. त्या वयात मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. ते छायाचित्र पाकिटात घातले आहे. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.