कपाटातली नोंदवही

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एक वही मागून बघा. लोकजैवविविधता नोंदवही असे तिचे भारदस्त नाव. मतलब सोपा आहे. आपल्या शिवारात कोणते झाड, पाखरू, वाण, औषधी मुळी आहे आणि त्यातले कोणाला काय ठाऊक आहे, हे गावानेच लिहून ठेवायचे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने हे काम ग्रामपंचायतीच्या समितीकडे दिले. २००४ च्या केंद्रीय नियमांत एक अध्यक्ष, सहापर्यंत सदस्य आणि त्यांत निदान एक तृतीयांश बायका, अशी तिची बांधणी सांगितली होती. धंद्यासाठी कोणी शिवारातली वनस्पती नेली, तर शुल्क घेण्याचा हक्कही तिला आहे. पण वर्षानुवर्षे कागद हलला नाही. अखेर हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. ती चुकली तर राज्याने महिन्याला दहा लाख रुपये भरायचे! मग काय, एकच धावपळ झाली.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नाथसागराकाठच्या एका गावची वही मी पाराखाली बसून वाचून दाखवली. वहीत साग होता. गावात सागाचे झाड नाही. १९८६ पासून जलाशयावर पक्षी अभयारण्य आहे, पण काठावर उतरणारा रोहित वहीत नव्हता. कोणीतरी दुसऱ्या गावची यादी उतरवली असावी. ग्रामसेवकाला तरी किती बोल लावायचा? घरपट्टी, दाखले, घरकुले, पाणी, सगळे त्याच्याच डोक्यावर. वनस्पती ओळखायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

एवढ्यात एक आजी म्हणाल्या, "साहेब, ह्याच्यात आमची दगडी कुठंय?"

दगडी म्हणजे जुनी ज्वारी. मी गप्प झालो. सुधारित बियाण्याच्या पिशव्या या गावात मीच आणल्या होत्या. त्याचा मला पस्तावा नाही, लोकांच्या पदरात चार दाणे जास्त पडले. पण जुन्याचे मूठभर बी राखून ठेवा, एवढे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

वही नव्याने लिहायला घेतली. तरोटा, कुर्डू, पाथरी, चिवळ, घोळ. भाज्यांची नावे बायकांनी अशी सांगितली की माझा हात पुरेना. बी.एस्सी.ला तण म्हणून पाठ केलेली निम्मी नावे त्यांच्या ताटातली निघाली. हिवर कुठे उरले आहेत, ते मेंढरे राखणाऱ्या बाबांनी बोटावर मोजून दाखवले.

दगडी मात्र शिवारात सापडली नाही. शेजारच्या गावी एका घरी आढ्याला बांधलेली चार कणसे निघाली. ते बी रब्बीत बांधालगत टाकले आहे. उगवण विरळच आहे. कणसे भरली की पाखरे राखायला मीच जाणार, असे आजींनी आत्ताच सांगून ठेवले आहे.