फवारा पोचत नाही तिथं

गणपती झाल्यावर शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात एखाद्या आडसाली उसाच्या फडात शिरून बघा. चौदा महिन्यांचा ऊस दोन पुरुष उंच गेलेला असतो, वाऱ्यापावसानं जागोजाग लोळलेला असतो. पायाखाली पाचट, अंगाला घासणारी धारदार पानं, आणि आत दहा पावलं गेलं की बांध कुठल्या दिशेला राहिला तेही कळत नाही. पाठीवर पंप घेऊन माणूस इथं फवारणार कसा? कीड तर पानाच्या खालच्या बाजूला, आणि ते पान डोक्याच्या वर. माझं शिक्षण कीटकशास्त्राचं. कोल्हापुरात इतकी वर्षं काम करून माझं मत असं झालं आहे, की या फडाला शेत न समजता जंगल समजावं. जंगलाला जे नियम लागू पडतात तेच इथं लागू पडतात. म्हणून जंगलातल्या परक्या किडींचा विषय निघाला, की मी आधी उसाची गोष्ट सांगते.

जुलै 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा सापडला. त्याच हंगामात तो कोल्हापुरात आला, बेळगावकडे गेला, साताऱ्या-पुण्याकडे सरकला. किडीचं शास्त्रीय वर्णन 1897 साली जावातल्या उसावरून झालं होतं. आपल्या देशात बंगाल, आसाम, नागालँड या भागांत ती पूर्वीपासून होती. आपल्याकडे मात्र तिला कुणी ओळखत नव्हतं. पानाच्या मागं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी कापूस पसरल्यासारखे पांढरे थर दिसू लागले. माव्याच्या अंगातून चिकटा गळतो, तो खालच्या पानावर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि बघता बघता हिरवा फड वरून पांढरा, खालून काळा होतो. पान काळं पडलं की त्याला ऊन घेता येत नाही. ऊस बारीक राहतो, उतारा घटतो.

या माव्याला वाढायला नर लागत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्लं घालते, आणि ती पिल्लंही मादीच. ढगाळ, दमट, गारव्याची हवा मिळाली की पंख असलेल्या माद्या तयार होतात आणि दुसऱ्या फडात उडून जातात. त्यांच्या जोडीला आपण माणसंही होतोच. तोडणीनंतर वाढ्यांच्या पेंढ्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून जनावरांसाठी गावोगाव जातात. पानाच्या मागं बसलेला मावा त्यांच्याबरोबर फुकट प्रवास करत होता.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच औषधाची झाली. शेतकऱ्यांनी डायमेथोएट मारलं, मॅलॅथिऑन मारलं, भुकटी धुरळली. लहान उसात त्याचा उपयोग झालाही. उंच उसात मात्र फक्त बांधाकडच्या सरी भिजायच्या आणि आतला मावा तसाच राहायचा. कर्ज काढून ऊस वाढवलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणणं सोपं नसतं, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण त्या काळात फडांतून फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. काही पानांवरचा पांढरा थर स्वच्छ, भरगच्च नव्हता. तो विसकटलेला, मळकट, जाळीनं ओढून धरल्यासारखा दिसायचा.

ती जाळी नखानं हलकेच उचलली की खाली हिरवट-करड्या रंगाची बारीक अळी सापडते. उजेड लागताच ती वळवळत मागं सरते. माव्याच्याच अंगावरचं मेण आणि स्वतःच्या तोंडातून काढलेलं रेशीम यांचा बोगदा करून ती आत राहते, आणि त्या बोगद्यातूनच एकेक मावा ओढून खाते. हाच डिफा, आपल्याकडच्या जुन्या पत्रकांत त्याचं नाव कोनोबाथ्रा असं आहे. हा एका छोट्या करड्या पतंगाचा सुरवंट. सुरवंट म्हटला की तो पानं खाणारा, ही आपली पक्की समजूत. हा मात्र मांसाहारी आहे. एक अळी आपल्या आयुष्यात शेकड्यांनी मावा फस्त करते. विशेष म्हणजे या माव्याची पिल्लं अगदीच निराधार नसतात. त्यांच्या कपाळावर बारीक शिंगं असतात आणि ती शत्रूवर चालून जातात. रेशमाच्या छपराखाली राहणाऱ्या अळीपुढं मात्र त्यांचं फारसं काही चालत नाही.

डिफाच्या जोडीला मायक्रोमस होता. तपकिरी, घराच्या छपरासारखे पंख मिटून बसणारा हा नाजूक कीटक. त्याची अळी विळ्यासारख्या जबड्यांनी मावा पकडून शोषून घेते आणि प्रौढही मावाच खातो. हे दोघं माव्यापाठोपाठ फडात दिसू लागले, त्यांना आधी कुणी आणून सोडलं नव्हतं. आपलं काम फक्त त्यांची संख्या वाढवायची आणि त्यांना मारायचं नाही, एवढंच होतं. पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बंगळुरूचं जैविक कीड नियंत्रणाचं संचालनालय, साखर कारखाने असे सगळे या कामाला लागले. मावा लागलेल्या उसावर शेडनेट उभारून त्यात डिफा वाढवला गेला. हेक्टरी 1000 डिफाच्या अळ्या किंवा 2500 मायक्रोमसच्या अळ्या सोडायची शिफारस झाली. आसामातून एनकार्शिया नावाची, एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी आणली गेली. ती माव्याच्या शरीरातच अंडं घालते, आणि आता ती दक्षिणेत रुळली आहे.

मला मोलाचं वाटतं ते मात्र शेतकऱ्यांनी केलेलं काम. डिफा असलेल्या पानाचे तुकडे कापून ते शेजारच्या फडातल्या माव्याच्या पानाला टाचणं, हे तंत्र बांधावर दाखवायला पाच मिनिटं पुरायची. एकदा जाळीखालची अळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की शेतकरी स्वतः हिशेब करायचा: या पानावर औषध मारलं तर मावा मरेल आणि हीही मरेल, मावा चार दिवसांत परत येईल, ही येणार नाही. दोन-तीन हंगामांत माव्याचा कहर ओसरला. मावा संपला मात्र नाही. आजही ढगाळ वर्षी तो कुठं कुठं डोकं वर काढतो आणि त्याच्यामागं डिफाही येतो. संपूर्ण नायनाट हे या पद्धतीचं उद्दिष्टच नाही. मावा अजिबात उरला नाही तर डिफा खाणार काय?

आता खऱ्या जंगलाकडे वळू. परदेशी झाड लावलं की आज ना उद्या त्याची कीड त्याच्या मागावर येते. किडीचे शत्रू मात्र मायदेशीच राहतात. निलगिरी पर्वतात चामडं कमावण्यासाठी लावलेल्या वॉटलच्या झाडांवर 1928 साली ऑस्ट्रेलियन खवलेकीड आढळली. तिच्यावरचा उपाय कॅलिफोर्नियात चाळीस वर्षांपूर्वीच सापडला होता. तिथल्या संत्र्यांच्या बागा याच किडीनं बसल्या होत्या. 1888 साली आल्बर्ट कोबेले हा कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात गेला आणि त्यानं रोडोलिया हा लाल-काळा ढालकिडा पाठवला. पहिल्या खेपांत मिळून जेमतेम 129 किडे पोचले. लॉस एंजेलिसमधल्या एका झाडावर तंबू ठोकून त्यात ते वाढवले गेले आणि वर्षभरात बागा वाचल्या. आपल्याकडेही निलगिरीत तोच ढालकिडा आणला गेला.

सुबाभळीची गोष्ट आपल्या अधिक जवळची. चारा-सरपणासाठी सामाजिक वनीकरणात महाराष्ट्रभर ती लावली गेली. तिच्या कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी मध्य अमेरिकेतली सिलिड ही कीड 1984 साली हवाईत दिसली आणि 1988 मध्ये भारतात पोचली. त्याच वर्षी थायलंडमधून क्युरिनस हा निळसर झाक असलेला ढालकिडा बंगळुरूला आणला गेला आणि त्या परिसरात तो रुळला. पुढं 2001 मध्ये कर्नाटकात नीलगिरीच्या झाडांच्या पानांवर, देठांवर गाठी आणणारी ऑस्ट्रेलियन गांधीलमाशी आली. कीड गाठीच्या आत बंद असल्यावर कुठलं औषध तिथं पोचणार? तिच्यावर चाल करून गेली तीही गांधीलमाशीच: गाठीत नेमकी अंडी घालणारी, ऑस्ट्रेलियात शोधून इस्राएलमध्ये वाढवलेली. 2008 साली तमिळनाडूत सापडलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण तुती-सागवानापर्यंत पसरला, तेव्हा 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या परजीवी माश्या आणाव्या लागल्या. त्यांतल्या एकीनं काही महिन्यांतच चित्र पालटलं.

हे वाचून कुणाला वाटेल की शत्रू आणून सोडले की झालं. तसं अजिबात नाही. 1935 साली ऑस्ट्रेलियात उसावरच्या भुंग्यांसाठी हवाईतून मोठे भेक आणले. त्यांनी भुंगे सोडून बाकी सगळं खाल्लं आणि आज तेच तिथलं संकट आहे. जो प्राणी वाटेल ते खातो, त्याला कधीच आणू नये. जो एकाच किडीवर जगतो, तोच विश्वासाचा. गाजर गवताच्या बंदोबस्तासाठी 1983 साली मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा सूर्यफुलावर दिसला, तेव्हा केवढी खळबळ माजली होती! तपासणीअंती धोका मोठा नसल्याचं निघालं; पण ती भीती रास्त होती, आणि परदेशी कीटक आणण्यापूर्वी बंद प्रयोगशाळेत त्याला आपल्याकडची पिकं, झाडं देऊन बघायचे कडक नियम आहेत ते योग्यच आहेत. ही तपासणी वेळ खाते म्हणून कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. उसावर डोळे असतात. शेतकरी रोज बांधावर जातो, म्हणून लोकरी मावा पहिल्याच हंगामात कळला. राधानगरी-दाजीपूरच्या रानात, पन्हाळ्याच्या उतारावरच्या लागवडीत नवी कीड आली तर ती कुणाला दिसणार? झाडं वाळू लागल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. रोपवाटिकांत काम करणाऱ्या बायका, वनमजूर, धनगरवाड्यांवरची माणसं, ट्रेकिंगला जाणारी पोरं यांना किडीकडे बघायला शिकवलं पाहिजे. त्याला खर्च फारसा नाही. अनोळखी गाठ, चिकटा किंवा पांढरा थर दिसला की झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहून फोटो घ्यायचा. मग पानाचा तो तुकडा काचेच्या बाटलीत घालून तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं, बाटली सावलीत ठेवायची आणि रोज बघायची. आठ-पंधरा दिवसांत बाटलीत कधी नुसती कीडच निघते, तर कधी किडीबरोबर एखादी टाचणीच्या टोकाएवढी माशीही निघते. ती माशी निघाली तर त्या रानात शत्रू आधीच पोचला आहे, आणि तिथं फवारा न्यायचा नाही. बाटली तशीच बांधून जवळच्या कृषी महाविद्यालयात आणून द्या. पुढची ओळख पटवायचं काम आमचं.