गाडी सुरू व्हायला नकार देते तेव्हा

गाडी सुरू झाली नाही की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘बॅटरी गेली.’ दुसरं, ‘धक्का मारा.’ ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत पहिला अंदाज खरा असेलच असं नाही आणि दुसऱ्या सल्ल्याचा उपयोग होत नाही. आमच्या घरी अशी पिकअप आली, तेव्हापासून हे मला चांगलंच माहीत झालं आहे.

आम्ही राहतो दिल्लीच्या करोल बागेत, पण मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याचे. आमच्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पसरली. सासरेही त्याच कामासाठी इथे आले. मी आणि माझे धाकटे दीर मात्र मराठी जेवणाचं केटरिंग करतो. पुरणपोळी, मसालेभात, अळूची भाजी अशी पातेली भरून नोएडा, द्वारका, गुरुग्रामच्या मराठी घरी पोहोचवतो.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये पावलोपावली क्लच दाबणं त्यांना जमेना. गाडी चालवणं थांबलं असतं तर आमचा धंदाही थांबला असता. म्हणून जुन्या बाजारातून ऑटोमॅटिक गिअरची डिझेल पिकअप घेतली. क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडली. ‘पांढरा हत्ती पोसताय,’ असंही कुणी म्हणालं. भाऊजी काही बोलले नाहीत, पण ते शब्द त्यांना लागले होते.

सगळे दिवे लागले, पण आवाज नाही

मागच्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी नोएडाची ऐंशी पानांची ऑर्डर होती. पातेली गाडीत चढली. भाऊजींनी किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. खर्र नाही, टक नाही.

गल्लीत गर्दी जमायला वेळ लागत नाही. दोघं-तिघं धक्का मारायला पुढे आले. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, ‘सेल्फ गया जी.’ स्टार्टर काढावा लागेल, कदाचित गिअरबॉक्सही उघडावा लागेल, आठ-दहा दिवस धरा, असा त्याचा हिशोब होता. भाऊजी गाडीतून उतरले आणि हळूच म्हणाले, ‘वहिनी, विकून टाकू या का?’

माझे वडील विट्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ‘आधी डोकं, मग पाना,’ असं अण्णा नेहमी म्हणायचे. मी भाऊजींना म्हटलं, ‘थांबा, आधी तिला विचारून तर बघू.’

हॉर्न खणखणीत वाजला. हेडलाइट लख्ख लागले आणि किल्ली फिरवतानाही मंद झाले नाहीत. बॅटरी उतरली असती तर दिवे मिणमिणले असते किंवा नुसतं टकटक ऐकू आलं असतं. इथे पूर्ण शांतता होती. म्हणजे वीज होती, पण स्टार्टरपर्यंत हुकूमच पोहोचत नव्हता.

मग डॅशबोर्ड पाहिला. लिव्हर पीवर होता, पण पडद्यावर पी हे अक्षर दिसत नव्हतं. मला आठवलं, दोन दिवसांपूर्वी भाऊजी म्हणाले होते की रिव्हर्सचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. मी म्हटलं, ‘भाऊजी, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा आणि लिव्हर एनमध्ये आणून किल्ली फिरवा.’

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. जेवण वेळेवर नोएडाला पोहोचलं.

दोष नेमका कुठे होता?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाहेरून एक छोटा स्विच बसवलेला असतो. लिव्हर कुठे आहे हे तो गाडीला सांगतो. गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टरला परवानगी मिळते. अनेक गाड्यांत रिव्हर्सचा दिवाही याच स्विचवरून लागतो. आमचा स्विच जागेवरून किंचित सरकला होता आणि आत मळ साचला होता. लिव्हर पीवर असूनही गाडीला ते कळत नव्हतं. आठवड्याने तो साफ करून नीट बसवला. स्टार्टर आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

धक्क्याचा उपयोग का होत नाही, तेही सांगते. अशा गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब इंजिनच्या जोरावर तयार होतो. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, म्हणून चाकं फिरली तरी ती ताकद इंजिनपर्यंत पोहोचत नाही. दोरी बांधून लांब ओढत नेलं तर तेलाविना गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. गाडी न्यायचीच असेल तर सपाट गाडीवर चढवून न्यावी.

तुमच्यावर वेळ आली तर

1. दिवे आणि हॉर्न तपासा. दोन्ही क्षीण असतील किंवा टकटक आवाज येत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टोकं पाहा. चांगली भरलेली, स्थिर बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. थंडीत तिची ताकद कमी होते.
2. ब्रेक पूर्ण दाबा आणि मागचे लाल दिवे लागतात का, ते कुणाला तरी पाहायला सांगा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकचा संकेत मिळाला नाही तर इंजिन सुरूच होत नाही.
3. पडद्यावर लिव्हरचं अक्षर बरोबर दिसतंय का ते पाहा. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून एनमध्ये सुरू करून बघा.
4. किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून बघा.
5. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर दोष दुसरीकडे आहे. मग मेकॅनिकला हेच शब्द सांगा.

2014 मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओनंतर क्लच नसलेल्या एएमटी गाड्या सामान्य घरांतही दिसू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना पार्क नसतो. त्या एनमध्ये, ब्रेक दाबून सुरू करायच्या असतात.

स्विच दुरुस्त होईपर्यंतच्या आठवड्यात आणखी एक उपाय पुढे आला. ‘एक तार टाकून डायरेक्ट करून देतो, पुन्हा कटकट नाही.’ मी ठाम नकार दिला. डायरेक्ट केलेली गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होते आणि थेट पुढे उडी घेऊ शकते. आमच्या गल्लीत मुलं खेळतात, दारात म्हाताऱ्या उन्हाला बसतात. त्यांच्यासाठीच तर तो स्विच असतो.

गाडी विकण्याचा विषय भाऊजींनी पुन्हा काढला नाही. आता ते रोज निघण्याआधी पडद्यावरचं अक्षर आणि रिव्हर्सचा दिवा तपासतात. गल्लीतल्या कुणाची गाडी अडली की तोच मेकॅनिक त्यांना हाक मारतो, ‘भाईसाब, ज़रा देखना.’