ठमीच्या घरात दोन पिल्लं

मस्कतमध्ये मांजरांना सहसा कोणी हाकलत नाही. मत्राहच्या मासळीबाजारात ती माणसांच्या पायांत घोटाळत असतात आणि सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, गल्ल्यांमध्ये दुकानांच्या उंबऱ्यावर निवांत पसरतात. इस्लाममध्ये मांजराला अपवित्र मानत नाहीत. आमची ओमानी शेजारीण दारातल्या वाटीत रोज ताजं पाणी भरते, तेव्हा तिच्या दृष्टीने तो घरकामाचाच भाग असतो. पण इथला उन्हाळा माया करत नाही. जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, डांबर तापतं आणि गाडीखालची सावलीही भाजते. अशाच एका जूनमध्ये अल खुवैरमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन पिल्लं सापडली. आईची वाट पाहिली, राखणदाराकडे चौकशी केली. ती काही परतली नाही. पिल्लांचे डोळे अजून निळसर होते, म्हणजे दोन महिन्यांच्याही आतली. लेकीने वर आणतानाच नावं ठेवली, लुबान आणि हलवा.

वर घरात आमची मांजर ठमी होती. तीही रुवीच्या गल्लीतलीच, पण आता आठ वर्षांची, नसबंदी झालेली आणि घराच्या कानाकोपऱ्यावर आपला हक्क सांगणारी.

पिल्लं थेट व्हेटकडे गेली. गोचिडी, पिसवा, जंत, सगळं निघालं. रक्ताची तपासणी झाली आणि लसीची तारीख ठरली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, किमान दोन आठवडे ठमीपासून पूर्ण वेगळी ठेवा. मांजरांमधला पॅनल्युकोपेनिया हा रोग पिल्लांचा जीव घेतो. त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. तो पातळ केलेल्या ब्लीचने मारावा लागतो. फिनेल तर मांजरांच्या घरात आणूच नये, ते त्यांना विषारी असतं. ठमीचा लसीचा बूस्टरही तेव्हाच घेतला.

स्वयंपाकघरामागची कामवाल्यांसाठीची छोटी खोली आम्ही पिल्लांना दिली. तिथे लिटर बॉक्स, पाणी, जुनी चादर ठेवली आणि एसी बेताचा लावला, कारण एवढी लहान पिल्लं गारठतात लवकर. त्या खोलीतून बाहेर आलं, की हात धुवायचे आणि वरचा कुडता बदलायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला.

दाराच्या फटीतून ठमीला सगळं कळत होतं. ती तिथे बसून राहायची, शेपटी आपटायची, फिसकारायची. तिला आम्ही एकदाही दटावलं नाही. फिसकारणं म्हणजे भांडण नव्हे, ‘जवळ येऊ नकोस’ अशी सूचना असते. सूचना देणाऱ्यालाच गप्प केलं, तर पुढच्या वेळी ते मांजर न सांगता पंजा मारतं.

मांजराची ओळख नाकाने होते. गालांवर, कपाळावर गंधग्रंथी असतात. मांजर सोफ्याला, आपल्या पायांना गाल घासतं, तेव्हा ते घराला आपला वास लावत असतं. ज्याला तो वास नाही, तो परका. म्हणून ते दोन आठवडे उलटल्यावर पिल्लांच्या गालांवरून एक मऊ फडकं फिरवलं आणि ठमीच्या ताटलीपासून लांब ठेवलं. तिने हुंगलं, ओठ किंचित उघडून तशीच थबकली (टाळूतल्या इंद्रियाने वास तपासण्याची ही मांजरांची रीत), मग फिसकारून निघून गेली. फडकं आणखी लांब सरकवलं, मग हळूहळू जवळ आणलं. ती त्याच्या शेजारी बसून निवांत जेवू लागली, तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. या काळात घरात उदबत्ती आणि लुबान या धुपाचा धूर बंद ठेवला. नाकाने चाललेल्या बोलण्यात तो गोंधळ घालतो.

मग खोल्यांची अदलाबदल केली. पिल्लं बाथरूममध्ये आणि ठमी त्यांच्या खोलीत. तिने प्रत्येक कोपरा हुंगला, त्यांच्या चादरीवर उभी राहिली आणि दाराच्या चौकटीला गाल घासून बाहेर आली. मला त्या क्षणी हायसं वाटलं. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या लावल्या. आपल्याकडे सुरमई म्हणतो तो इथला किंगफिश उकडून, काटे काढून, मिठाशिवाय. हा खाऊ फक्त त्याच वेळी मिळायचा.

दर्शन त्यानंतर झालं, तेही दारात लावलेल्या जाळीच्या फाटकातून. आधी फाटकावर चादर टाकली होती, ती रोज थोडी वर केली. समोरासमोर सोडायच्या आधी लेक पिल्लांना दोरीमागे पळवून दमवायची. कोणालाही हातात धरून भेटवलं नाही. धरलेल्या मांजराला पळता येत नाही, मग ते ओरबाडतं. हलवा धिटाईने ठमीच्या शेपटीवर झेपावला. तिने नख्या आत ठेवून एक चपराक दिली. तो मागे सरला आणि खाली बसला. लुबान लांबूनच बघत राहिली.

काही गोष्टी आजही जपाव्या लागतात. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे चार लिटर बॉक्स, आणि तेही एकाच कोपऱ्यात नाहीत. कपाटावरची जागा ठमीची, पिल्लं चढू शकत नव्हती तेव्हा तिला तिथेच उसंत मिळाली. पिल्लांचं खाणं उष्मांकाने जड असतं, ते ठमीला चालत नाही, म्हणून तिघांची जेवणं वेगळी.

ठमी पिल्लांना चाटत नाही, त्यांच्याजवळ झोपत नाही. एका खोलीत ती शांत बसते, पोटभर जेवते, वजन घटलेलं नाही. मोठ्या मांजराकडून मी एवढीच अपेक्षा धरावी असं मला वाटतं, आणि ती तिने पूर्ण केली आहे.

आखातातल्या आपल्या लोकांना एक कळकळीची विनंती. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जायचं असेल, तर त्याआधी घरी मांजर असताना पिल्लं आणू नका. हे काम सुटीवरून परतल्यावर, एक खोली आणि निदान महिनाभराची सवड हाताशी असेल तेव्हा करा.